रोख, नगद आणि कॅश : हिंगोलीच्या मोंढ्यातील एका अर्थभेदाची चिकित्सा

‘कॅश’ या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न शाळेतील मुलास विचारला तरी ‘रोख’ हे उत्तर तत्काळ मिळेल. द्वैभाषिक कोश हेच सांगतात. शासकीय परिभाषेत ‘कॅशियर’चा ‘रोखपाल’ याच समीकरणावर झालेला आहे. आणि बाजारात मिळणाऱ्या छापील पावत्यांवर ‘कॅश मेमो’ व ‘रोख पावती’ ही शीर्षके एकमेकांच्या जागी निर्धास्तपणे योजिलेली आढळतात. इतके सर्वमान्य समीकरण पुन्हा तपासून पाहण्याचे प्रयोजन काय, असे वाचकास वाटणे साहजिक आहे. प्रयोजन असे की, हिंगोली जिल्ह्यातील ज्या लोकांचे वर्षाचे उत्पन्न या शब्दांच्या अर्थावर अवलंबून असते, ते लोक हे समीकरण मानीत नाहीत.

हळद हे या जिल्ह्याचे महत्त्वाचे पीक. हिंगोली व वसमत येथील मोंढ्यांत तिचा लिलाव होतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मामांनी आपली हळद एका व्यापाऱ्यास रोखीच्या बोलीवर दिली. काटा झाला, हमाली-तोलाई वजा जाऊन पट्टी तयार झाली आणि मामांच्या हातावर चेक पडला. चेकवर तीन आठवडे पुढची तारीख होती. मामा म्हणाले, ‘रोख ठरली व्हती आपली.’ व्यापाऱ्याचे उत्तर तयार होते : ‘मग हे रोखच की, काका. उधारीच्या वहीत तुमचं नाव लिवलंय का मी?’ यावर मामांनी ‘असं असंल तर मला कॅश द्या’ असे म्हणताच तो म्हणाला, ‘कॅश पायजे व्हती तर आधी कॅश मनायचं. तुमी रोख मनलाव.’

पुढे कोणीतरी मध्ये पडून तो तंटा मिटविला. त्याचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्या चार वाक्यांत फार मोठा ऐवज आहे. ‘रोख’ या शब्दाच्या अर्थाविषयी दोघांचा वाद झाला. ‘कॅश’च्या अर्थाविषयी मात्र दोघांचे संपूर्ण एकमत होते. व्यापारी लबाडी करीत होता हे उघड आहे, परंतु त्याला ती लबाडी करण्यास जागा कोणत्या शब्दाने दिली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कोशातील समीकरण खरे असते तर ‘तुम्ही कॅश नव्हे, रोख म्हणालात’ हे वाक्य मुळी उच्चारताच आले नसते.

त्यानंतर मी हिंगोली, कळमनुरी व औंढा नागनाथ येथील परिचितांपुढे काही वाक्ये ठेवून त्यांची प्रतिक्रिया पाहिली. संख्याशास्त्रीय पाहणी म्हणावी असे त्यात काही नाही. परंतु ज्या ठिकाणी सर्वांचे उत्तर एक येते तेथे संख्येची गरजही फारशी उरत नाही. ‘कॅश देतो, पण आठ दिवसांनी’ हे वाक्य कोणासही खटकले नाही. ‘रोख देतो, पण आठ दिवसांनी’ हे ऐकून लोक हसले. एका वृद्ध गृहस्थांनी तर ‘मग रोख कशाची ती?’ असा सवाल केला. ‘लग्नाला कॅश कमी पडली म्हणून हातउसनी आणली’ हे सहज बोलले जाते. तेथे ‘कॅश’ काढून ‘रोख’ घातल्यास वाक्य लंगडते, कारण उसने घेणे आणि रोख या दोन कल्पना एकत्र नांदत नाहीत. उलटपक्षी ‘किराणा रोखीनं घेतला, फोनपे केलं’ हे चालते, आणि ‘किराणा कॅशनं घेतला, फोनपे केलं’ हे निरर्थक ठरते.

या वाक्यांवरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. शब्दाचा अर्थ तो कशाच्या विरोधात उभा आहे यावरून ठरतो. ‘रोख’ उभा आहे ‘उधार’च्या विरोधात, त्याचा विषय काळ आहे. ‘कॅश’ उभा आहे चेक, खात्यावरील जमा आणि फोनवरील भरणा यांच्या विरोधात. त्याचा विषय पैशाचे द्रव्य आहे. रोख म्हणजे आत्ता, कॅश म्हणजे हातात. किराणा दुकानांतील ‘आज रोख उद्या उधार’ ही पाटी सर्वांच्या परिचयाची आहे. २०१६ नंतर त्याच पाटीखाली फोनवरून पैसे घेण्यासाठी चौकोनी ठिपक्यांचे चित्र टांगले गेले, आणि पाटी बदलावी असे कोणत्याही दुकानदारास वाटले नाही. फोनवरून तत्काळ आलेला पैसा कॅश नव्हे, पण रोख आहे, हे त्या भिंतीवर विनावाद नांदत आहे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो दुर्बल नाही. वर्तमानपत्रांतील चोरीच्या बातमीत ‘रोख रक्कम व दागिने लंपास’ असे छापतात. तेथे उधारीचा काय संबंध? तेथे रोख म्हणजे नोटा व नाणीच. आक्षेप मान्य आहे, आणि त्याचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे. संस्कृत कोशकारांनी ‘रोक’ या शब्दाचा रोखीने केलेली खरेदी असा एक अर्थ नोंदविला आहे. तो लोकभाषेतून वर चढलेला असण्याचा संभव अधिक. मराठीत त्यापासून ‘रोख’ व ‘रोकड’ असे दोन शब्द शेजारी शेजारी चालत आले. जोवर तत्काळ चुकते करण्याचे साधन नाणे हेच होते, तोवर ‘आत्ता’ आणि ‘हातात’ या दोन अर्थांत भेद करण्याचे कारणच नव्हते. पुढे साधन दुभंगले आणि त्याबरोबर अर्थही दुभंगला. बातमीदाराची भाषा जुना अखंड अर्थ जपून आहे. मोंढ्याच्या भाषेला ती चैन परवडण्यासारखी नाही.

किंबहुना बोलीने ‘रोख’ या शब्दात काळाचा अंश अधिक ठेवला आणि द्रव्याचा अंश ‘रोकड’कडे सरकविला, असे म्हणावयास जागा आहे. संतवाङ्मयात ‘रोकडा’ हे विशेषण साक्षात, प्रत्यक्ष, या जन्मीच येणाऱ्या अनुभवासाठी योजिलेले आढळते, हे कोणास माझ्या विधानाविरुद्ध वाटेल. परंतु तेथेही पैशाचे रूपक दोन्ही बाजूंनी काम करीत असते : अनुभव हातात येतो आणि तो आत्ताच येतो. ‘रोखठोक’ या शब्दात तर पैसा उरलाच नाही, केवळ विलंब न लावणे उरले.

साधनाचा उल्लेख निराळ्या शब्दाने करण्याची गरज हिंगोलीस इंग्रजी ‘कॅश’मुळे प्रथम भासली, असेही नाही. हा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण पुण्या-मुंबईच्या मराठीवरून मराठीचे सामान्य नियम बांधणाऱ्यांच्या तो लक्षात येत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचे नाणे वेगळे होते. त्याला लोक ‘हाली’ म्हणत. इंग्रजी अमलातील यंत्रावर पाडलेल्या रुपयास ‘कलदार’ म्हणत. ‘कल’ म्हणजे यंत्र. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा भाव होता. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे ठाणे. पलीकडे वऱ्हाड, जो या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला. म्हणजे एका बाजूस हाली, चार कोसांवर कलदार. अशा मुलखात ‘रोख देतो’ एवढ्याने सौदा पुरा होत नसे. ‘रोख, पण हाली का कलदार?’ हा पुढचा प्रश्न होताच. शंभर रुपयांच्या सौद्यात त्या एका शब्दाने चौदा रुपयांहून अधिक फरक पडे. भारतीय रुपया रूढ झाल्यावरही हाली १९५९ पर्यंत पूर्णपणे बाद झाला नव्हता. मधल्या काळात, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी आली आणि आण्याच्या हिशेबात ‘नवा पैसा’ शिरला. जुन्या पिढीतील माणसे एकाच आठवडी बाजारात हाली, कलदार, आणे आणि नवे पैसे यांचे तोंडी रूपांतर करीत. अशा लोकांच्या नातवांनी द्रव्यवाचक शब्द म्हणून ‘कॅश’ उचलला, तर तो इंग्रजीच्या मोहाने उचलला असे म्हणणे अन्यायाचे होईल. कलदाराची रिकामी झालेली जागा त्यांनी भरली.

आता तिसरा शब्द. अरबी ‘नक्द’ मराठीत ‘नक्त’ आणि ‘नगद’ अशा दोन रूपांनी आला. पेशवेकालीन कागदपत्रांत ‘नक्त’च्या जोडीस ‘ऐनजिन्नस’ हा शब्द येतो. वसुली नक्त की ऐनजिनसी, म्हणजे पैशात की धान्यात. येथे विरोध ना काळाचा, ना नोटेचा व खात्याचा. तो आहे पैसा आणि वस्तू यांचा. हैदराबाद संस्थानच्या उर्दू कारभारामुळे मराठवाड्यात ‘नगद’ हा शब्द विशेष रुळला. धान्यावर मजुरी करणाऱ्या सालगड्याला किती पोती आणि किती नगद, हा करार गुढीपाडव्यास होई. तेथे ‘रोख’ म्हटले तर चालत नसे, कारण नगद वर्षभर हप्त्यांनीच मिळावयाचे असे.

तेव्हा मराठीपाशी तीन शब्द आहेत आणि तीन विरोध आहेत. नगद विरुद्ध जिन्नस, रोख विरुद्ध उधार, कॅश विरुद्ध खाते. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच ‘कॅश’ येतो. याचा अर्थ एवढाच की इंग्रजी शब्दाला या तिन्ही बाजू आहेत. आपण मात्र त्याची तिसरी बाजू तेवढी घेतली, कारण पहिल्या दोन बाजूंसाठी आपल्या घरात शब्द होते. उसना शब्द गरजेपुरता घेणे हे दारिद्र्याचे लक्षण नव्हे.

या शब्दाची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण ती सांगताना बहुधा गफलत होते. इंग्रजीत दोन ‘कॅश’ आहेत. पैशाचा वाचक जो ‘कॅश’ तो फ्रेंच ‘केस’ किंवा इटालियन ‘कासा’वरून, म्हणजे पेटीवाचक लॅटिन ‘काप्सा’पासून आलेला, पेटीवरून पेटीतील पैशाकडे अर्थ सरकला. दुसरा ‘कॅश’ हा दक्षिणेतील एका लहान नाण्याचे नाव. तो तमिळ ‘कासु’वरून पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला. मद्रासेकडे ८० कॅशांचा एक फनम होई. त्रावणकोरात १६ कॅशांचे एक चक्रम. चीनमधील भोकाच्या नाण्यालाही युरोपीय लोक कॅशच म्हणू लागले. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये या नाण्याची चर्चा केली आहे. पोर्तुगीजात पेटीचा आणि नाण्याचा शब्द एकच रूप धारण करून बसल्यामुळे घोटाळा वाढला. ‘कॅश हा मूळचा आपलाच शब्द’ असे अभिमानाने सांगणारे भाषणकर्ते या दुसऱ्या शब्दाचे कुळ पहिल्यास चिकटवितात. हिंगोलीच्या मोंढ्यातील कॅश हा पेटीच्या कुळातला आहे, कासूच्या नव्हे. अर्थात तो आपल्या कुळातला असता तरच वापरावयाचा, असा दंडक असेल तर ‘पगार’ पोर्तुगीजांस परत करावा लागेल, आणि ग्रीक ‘द्राख्मे’पासून ‘द्रम्म’ या वाटेने आलेला ‘दाम’ही ठेवता येणार नाही.

हा प्रश्न भाषाशुद्धीच्या चळवळीशी जाऊन भिडतो. माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फारशी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. परकीय शब्दांचा एवढा जाणकार त्यांच्या बहिष्काराचा पुरस्कर्ता व्हावा, हा आपल्या वाङ्मयेतिहासातील एक चमत्कारिक योग होय. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही असे म्हटले पाहिजे की, शुद्धीचा विचार करणाऱ्यांनी शब्द एकेकटा तपासला. तो कोणत्या शब्दाच्या समोर उभा आहे हे पाहिले नाही. ‘नगद’ फारसीतून आला म्हणून काढावयाचा, ‘कॅश’ इंग्रजी म्हणून काढावयाचा, आणि दोघांच्या जागी ‘रोख’ बसवावयाचा. असे केल्याने शब्दकोश शुद्ध होतो खरा, पण तीन भेद व्यक्त करण्यास एकच शब्द उरतो, आणि माझ्या मामांसमोर उभा असलेला व्यापारी नेमकी तीच सोय शोधीत असतो.

शासकीय परिभाषेविषयीही न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. ‘कॅश क्रॉप’साठी ‘नगदी पीक’ हा शब्द रूढ झाला तो अत्यंत समर्पक आहे. घरी खाण्यासाठी नव्हे, पैशासाठी घेतलेले पीक. विरोध पैसा आणि जिन्नस यांचा. तेथे ‘रोख पीक’ म्हणणे हास्यास्पद झाले असते, कारण हळदीचा चुकारा रोख मिळतोच असे नाही, हे कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक आहे. ‘रोखपाल’ हा शब्द कार्यालयाच्या भिंतीआड सुखरूप आहे, त्याने कोणाचे नुकसान केलेले नाही. ‘चेक’साठी ‘धनादेश’ आला. तो बोलण्यात रुळला नाही, पण लिहिण्यात रुळला. या चेकच्या बाबतीत बोलीने स्वतः केलेली व्यवस्था अधिक मनोहर आहे. ‘हुंडी वटणे’ हे जुने क्रियापद तिने नव्या कागदास लावले आणि चेक वटू लागला. नाम परके, क्रिया घरची. न वटलेल्या चेकबद्दल शिक्षा सांगणारे कलम १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमात १९८८ च्या दुरुस्तीने आले; ‘पराक्राम्य संलेख’ हा शब्द उच्चारणारा मनुष्य मी मोंढ्यात पाहिलेला नाही, परंतु ‘चेक वटला नाही तर केस होते’ हे ज्ञान सर्वांस आहे.

खरी अडचण ‘कॅशलेस’पाशी झाली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि त्यानंतरच्या महिन्यांत रोकडीवाचून व्यवहार करण्याचा प्रचार सुरू झाला. मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले कॅशलेस गाव म्हणून त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी जाहीर झाले. या कल्पनेस मराठी नाव देताना दोन रूपे पुढे आली : ‘रोकडरहित’ आणि ‘रोखविरहित’. पहिले रूप योग्य आहे, कारण वर म्हटल्याप्रमाणे ‘रोकड’ द्रव्याकडे झुकलेला शब्द आहे. दुसरे रूप केवळ अयोग्य नव्हे, तर विपरीत आहे. जो व्यवहार रोखीचा नाही तो उधारीचा, ही मराठी माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ‘रोखविरहित बाजार’ म्हणजे त्याच्या कानास उधारीचा बाजार. आणि त्या हंगामात मोंढ्यांतून नेमके तसेच घडत होते, ही त्यातील कटू गंमत. सोयाबीन आणि कापूस विकावयाचे ते दिवस. नोटा नाहीत म्हणून चेक दिले जात, चेक वटण्यास आठवडे लागत. त्यातच १४ नोव्हेंबर रोजी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना रद्द झालेल्या नोटा घेण्यास मनाई झाली, म्हणजे ज्या बँकेत खेड्यातील माणसाचे खाते असावयाचे तिचाच दरवाजा अर्धा मिटला. अनुवादकाची चूक त्या दिवसांपुरती वस्तुस्थितीचे अचूक वर्णन करीत होती.

‘कॅशलेस’ या शब्दास या जिल्ह्यात आणखी एक अर्थ आहे, आणि तो कोणत्याही कोशात मला आढळला नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेमुळे ‘कॅशलेस’ हा शब्द रुग्णालयाच्या दारातून खेड्यात पोहोचला. तेथे त्याचा अर्थ ‘फुकट’. ‘नांदेडला कॅशलेस झालं ऑपरेशन’ असे म्हणणारी बाई फोनवरून पैसे दिल्याचे सांगत नसते. पैसे द्यावेच लागले नाहीत, असे सांगत असते. नंतर तिलाच दुकानात ‘कॅशलेस चालेल’ ही पाटी दिसते. प्रस्तुत लेखकाने अशी पाटी वाचून हसणारी माणसे पाहिली आहेत, आणि त्यांचे हसणे अज्ञानाचे होते असे मला वाटत नाही.

व्याकरणदृष्ट्या हा शब्द अद्याप उंबरठ्यावर उभा आहे. उच्चार ‘क्याश’, ज्या चालीवर जुन्या छापील मराठीत ‘ब्यांक’ लिहीत त्याच चालीचा. लिंग स्त्रीलिंग, ‘कॅश मोजली’, ‘कॅश संपली’. हे लिंग ‘रोकड’ आणि ‘रक्कम’ यांच्या सोबतीने मिळाले असावे. परंतु सामान्यरूप त्यास मिळालेले नाही. ‘बँकेत’ होते, ‘रोखीने’ होते. ‘कॅशीने’ किंवा ‘कॅशेत’ असे कोणी म्हणत नाही, ‘कॅशनं’ आणि ‘कॅशमध्ये’ म्हणतात. मराठीत शब्द पूर्णपणे मुरला की त्याच्या अंगास सामान्यरूपाचे वळण पडते, ही कसोटी मला विश्वसनीय वाटते. त्या कसोटीवर ‘बँक’ घरची झाली, ‘कॅश’ अजून पाहुणी आहे. ‘रोख कॅश’ हा जोडप्रयोग मात्र सर्रास ऐकू येतो. त्यास ‘कागदपत्र’, ‘बाजारहाट’ यांसारखी द्विरुक्ती मानण्याचा मोह होईल. बऱ्याच वेळा ती द्विरुक्ती असेलही. परंतु सौद्याच्या तोंडी ‘रोख कॅश’ म्हणणारा मनुष्य दोन अटी घालीत असतो, हे ध्यानात ठेवावे.

माझ्या मांडणीविरुद्ध जाणारी दोन उदाहरणे दडवून ठेवणे योग्य होणार नाही. पहिले वाहनांच्या दुकानातील. ‘ट्रॅक्टर कॅश घेतला का लोनवर?’ या प्रश्नात ‘कॅश’ काळवाचक आहे. सगळी किंमत चेकने एकरकमी भरली असली तरी उत्तर ‘कॅश’ असेच येते. येथे ‘रोख’ची जागा ‘कॅश’ने घेतली आहे, यात शंका नाही. ज्या मालाबरोबर विक्रीची परिभाषाही कारखान्यातून येते, तेथे इंग्रजी शब्द आपल्या साऱ्या अर्थांसह येतो. ज्या मालाचा सौदा मोंढ्याच्या रीतीने होतो, तेथे तो गाळून घेतला जातो. पुढील काळात पहिली रीत दुसरीवर मात करील काय, हे आज सांगता येत नाही. केली, तर मामांच्या भांडणात ‘कॅश’ या शब्दाविषयी असलेले एकमतही नाहीसे होईल.

दुसरे उदाहरण लग्नाच्या बैठकीतील आहे, आणि ते लिहिताना लेखणी अडखळते. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे-घेणे गुन्हा ठरले. तेव्हापासून ‘हुंडा’ हा शब्द बैठकीत उच्चारणे कठीण होत गेले. व्यवहार तेवढा कठीण झाला नाही. आता प्रश्न येतो, ‘सोनं किती, कॅश किती?’ येथे ‘कॅश’चा विरोध सोन्याशी व भांड्यांशी आहे, म्हणजे ती ‘नगद’च्या जागी बसली आहे. परंतु ‘नगद’ न म्हणता ‘कॅश’ का म्हणतात? ‘नगद किती’ म्हटले की देणे-घेणे उघडे पडते. ‘कॅश’ या शब्दास जात नाही, गोत्र नाही, गावातील कोणत्याही जुन्या पापाचा वास त्यास लागलेला नाही. तो काउंटरवरील शब्द आहे. परक्या शब्दाच्या आडून बोलता येते, ही त्याची उपयुक्तता कोश सांगत नाहीत. एका बैठकीत मुलीच्या वडिलांनी ‘कॅश जमंना, चेक चालंल का?’ असे विचारले, तेव्हा मुलाकडील मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. चेकवर नाव लिहावे लागते.

कोशकारांनी या शब्दाची नोंद करावयाची झाल्यास ती मराठी शब्द म्हणून करावी, आणि ‘रोख पहा’ एवढ्यावर भागवू नये. नोंद साधारणतः अशी व्हावी : कॅश, स्त्रीलिंगी, एकवचनी, सामान्यरूपविरहित. १. हातात असलेल्या नोटा व नाणी; चेक, खात्यावरील जमा व फोनवरील भरणा यांहून भिन्न; उधार वा उसनी असू शकते. २. वाहन, यंत्र इत्यादींच्या खरेदीत, कर्ज न काढता एकरकमी दिलेली किंमत. ३. विवाहाच्या बोलणीत, हुंड्यातील पैशाचा भाग. ‘कॅशलेस’ स्वतंत्र नोंदवून त्याचे फोनवरील भरणा आणि विनामूल्य उपचार हे दोन अर्थ वेगळे दाखवावे. ‘रोख’ या नोंदीत ‘उधार’चा उल्लेख प्रथम यावा, ‘कॅश’चा नंतर. मामांनी गेल्या हंगामात हळद विकली तेव्हा बोली ठरविताना दोन्ही शब्द उच्चारले, आधी रोख आणि मग कॅश, आणि पट्टीवरही तसेच लिहून घेतले.